त्रुटी कुणाची? : क्लाउडवरच्या एरर पेजची समीक्षा

समीक्षा म्हटली की कादंबरीची, नाटकाची, फार तर सिनेमाची. आज आम्ही ज्या मजकुराची समीक्षा करणार आहोत तो जेमतेम दोन ओळींचा आहे आणि तो कुणी आवडीनं वाचत नाही. तरीसुद्धा या सभागृहात तो न वाचलेला माणूस सापडायचा नाही. ‘काहीतरी त्रुटी आली आहे. कृपया थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.’

अर्ज भरायचा शेवटचा दिवस असतो, फी भरून झालेली असते, आणि गोल फिरणारं चाक थांबून हे वाक्य समोर येतं. त्या क्षणी वाचणाऱ्याच्या मनात साधे प्रश्न असतात. माझा अर्ज गेला की नाही? पैसे कापले गेले का? पुन्हा बटण दाबलं तर दोनदा कापले जातील का? आणि मुख्य म्हणजे, चूक माझी की तुमची? त्या दोन ओळी यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाहीत. ही उत्तरं द्यायची की नाही, कुणाला किती द्यायची, हे कुठंतरी एका सेटिंगच्या फाइलमध्ये कुणीतरी ठरवलेलं असतं. आज ती फाइल आपण एखादा लेख वाचावा तशी वाचणार आहोत.

सुरुवात शब्दापासून करू. ‘एरर’ला आपण ‘त्रुटी’ म्हणायला लागलो. आता मराठी माणसाला हा शब्द कुठून ओळखीचा आहे? कचेरीतून. ‘तुमच्या अर्जात त्रुटी आहे’, ‘त्रुटींची पूर्तता करा’. म्हणजे दाखला जोडला नाही, सही राहिली, फोटो चिकटवला नाही. कचेरीच्या भाषेत त्रुटी ही कायम अर्जदाराची असते, कारकुनाची कधी नसते. त्यामुळे पडद्यावर ‘त्रुटी आली’ असं दिसलं की माणूस निमूटपणे आपलाच अर्ज पुन्हा तपासायला लागतो. आधार क्रमांक चुकला का, फोटोची साइज मोठी झाली का, नावात काना राहिला का. प्रत्यक्षात पलीकडचा डेटाबेस बंद पडलेला असतो.

गंमत अशी, की वेबच्या मूळ भाषेत हा घोटाळा नाही. ब्राउझर आणि सर्व्हर एकमेकांशी एचटीटीपी नावाच्या भाषेत बोलतात. या भाषेची १.० ही आवृत्ती १९९६ साली आरएफसी १९४५ या दस्तऐवजात नोंदवली गेली. सर्व्हरनं प्रत्येक उत्तराबरोबर तीन आकडी स्टेटस कोड द्यायचा असतो. पहिला आकडा २ असेल तर काम झालं. ४ असेल तर मागणाऱ्याच्या बाजूनं काही चुकलं, जसा सगळ्यांच्या ओळखीचा ४०४. आणि ५ असेल तर चूक सर्व्हरच्या बाजूची. ‘त्रुटी कुणाची’ हा प्रश्न पहिल्याच आकड्यात सोडवून ठेवलेला आहे. आमची तक्रार अशी, की एरर हाताळण्याचं आपलं बरंचसं कॉन्फिगरेशन हा स्वच्छ जबाब पुसून टाकतं.

हे कसं घडतं त्याचं एक उदाहरण नीट पाहू. मायक्रोसॉफ्टचं एएसपी डॉट नेट हे वेब ॲप्लिकेशन बांधायचं साधन २००२ साली आलं. त्यात प्रोग्राम कोसळला की एक पिवळसर पान दिसायचं. प्रोग्रामर मंडळी त्याला गमतीनं ‘यलो स्क्रीन ऑफ डेथ’ म्हणत. या पानाची दोन रूपं. एका रूपात सगळं उघडं: कुठल्या फाइलमध्ये, कुठल्या ओळीवर, कुठल्या फंक्शनमधून कुठल्या फंक्शनमध्ये जाताना प्रोग्राम पडला, खाली फ्रेमवर्कची आवृत्ती. दुसऱ्या रूपात फक्त एवढंच, की चूक झाली आहे, पण सुरक्षेच्या कारणास्तव तपशील दूरच्या यंत्रावर दाखवता येत नाही. कुणाला कुठलं रूप दाखवायचं हे ठरतं वेब डॉट कॉन्फिग या फाइलमधल्या ‘कस्टम एरर्स’ नावाच्या सेटिंगवरून. त्याच्या किमती तीन: ऑन, ऑफ आणि रिमोट ओन्ली. आपण काहीच लिहिलं नाही तर रिमोट ओन्ली.

‘रिमोट ओन्ली’ या दोन शब्दांमागं एक पूर्ण जगदृष्टी आहे, असं आम्हाला वाटतं. सर्व्हर एका खोलीत आहे. त्या खोलीत जो येऊ शकतो तो घरचा. त्याला सगळं सांगा. बाहेरून जो विचारतो तो परका. त्याला काही सांगू नका. २००२ साली हे गृहीतक वाजवी होतं. काही बिघडलं की कंपनीतला माणूस सर्व्हरसमोर जाऊन बसायचा, तिथल्याच ब्राउझरमध्ये पान उघडायचा, आणि चूक वाचायचा.

मग क्लाउड आला. मायक्रोसॉफ्टची विंडोज अझूर ही सेवा २०१० च्या फेब्रुवारीत व्यापारी तत्त्वावर सुरू झाली. आता तुमचा सर्व्हर परमुलुखातल्या डेटा सेंटरमध्ये. एक नाही, चार-पाच, आणि त्यातला कुठला आज चालू आहे हेही तुम्ही ठरवत नाही. पुढं आलेल्या ॲप सर्व्हिससारख्या सेवेत तर त्या यंत्रावर बसून ब्राउझर उघडायची सोयच नाही. म्हणजे ‘घरचा’ माणूसच उरला नाही. स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामसमोर प्रोग्रामर परका झाला. त्याला तेच ओशाळं पान दिसतं: तपशील इथं दाखवता येत नाही.

अशा वेळी घाईतला माणूस सरळ ‘ऑफ’ लिहितो. चूक दिसते, दुरुस्त होते, आणि ते ‘ऑफ’ तसंच राहून जातं. मग सगळ्या जगाला तुमच्या फोल्डरांची नावं, डेटाबेसच्या टेबलांची नावं, आवृत्त्या दिसायला लागतात. यावर ‘प्रोग्रामर निष्काळजी’ असा शेरा मारून मोकळं होणं सोपं आहे. आमचं मत वेगळं आहे. जे सेटिंग माणसाला ‘सगळं लपव’ किंवा ‘सगळं उघड कर’ एवढेच दोन रस्ते देतं, ते सेटिंगच टीकेला पात्र आहे. तिसरा रस्ता हवा होता: परक्यापासून लपव, पण मला दुसऱ्या वाटेनं कळव.

लपवणं का गरजेचं आहे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. २०१० च्या सप्टेंबरात ब्वेनोस आयरेसच्या एकोपार्टी परिषदेत जुलियानो रिझ्झो आणि थाय डुओंग यांनी याच एएसपी डॉट नेटवरचा एक हल्ला दाखवला. तो थोडक्यात असा. सर्व्हर काही माहिती कुलूपबंद करून, म्हणजे सांकेतिक लिपीत, पानाच्या पत्त्यात ठेवत असे. हल्लेखोर त्या माहितीतली अक्षरं थोडी थोडी बदलून पुन्हा पुन्हा पाठवायचा. कुलूप उघडतानाच गडबड झाली तर एक चूक यायची. कुलूप उघडलं पण आतला मजकूर निरर्थक निघाला तर वेगळी चूक यायची. चुकांमधला एवढाच फरक पुरला. हजारो वेळा विचारून, फक्त ‘ही चूक की ती चूक’ एवढं ऐकून, किल्ली नसताना कुलूप उघडता येत होतं. वेब डॉट कॉन्फिगपर्यंत पोहोचता येत होतं.

मायक्रोसॉफ्टनं तातडीचा उपाय काय सांगितला? कस्टम एरर्स चालू करा, आणि कुठलीही चूक होवो, सगळ्यांना एकच पान दाखवा. ४०४ आणि ५०० मध्येसुद्धा फरक ठेवू नका. त्या पानात थोडा अनिश्चित विलंबही घालायला सांगितला होता, म्हणजे उत्तराला लागणाऱ्या वेळेवरूनही काही ओळखता येऊ नये. त्याच महिन्याच्या २८ तारखेला खरी दुरुस्ती आली: कुलूपबंद माहितीवर सहीसुद्धा असायला लागली, त्यामुळे तिच्यात केलेली ढवळाढवळ पकडली जाऊ लागली.

आता नीट बघा. रोग बरा करणारं औषध २८ सप्टेंबरला आलं. ‘सगळ्या चुकांना एकच तोंड’ हे तोवरचं पथ्य होतं. औषध घेतल्यावर पथ्य सुटायला हवं होतं. पण वेगवेगळ्या चुकांसाठी एकच गुळमुळीत पान ही पद्धत आजही दिसते, आणि विचारलं तर ‘सिक्युरिटीसाठी’ असं उत्तर मिळतं. तपशील लपवणं आणि चूक झाली हेच लपवणं, या दोन गोष्टींची इथं गल्लत होते. आमच्या आजच्या बोलण्याचा गाभा हाच आहे.

कारण चूक झाली हेच लपवण्याची सोय त्या सेटिंगमध्ये मुळातच होती. कस्टम एरर्सची मूळ रीत अशी, की प्रोग्राम कोसळला की सर्व्हर ५०० म्हणतच नाही. तो ३०२ म्हणतो, म्हणजे ‘तुम्ही जरा पलीकडच्या खिडकीवर जा’. ब्राउझर बिचारा पलीकडच्या पानावर जातो. ते पान म्हणतं ‘क्षमस्व’, आणि त्याचा स्टेटस कोड असतो २००. म्हणजे सर्व काही ठीक! वर पत्त्याच्या पट्टीत आता एरर पेजचाच पत्ता असल्यामुळे माणसानं पान रिफ्रेश केलं तर तो क्षमापत्रच पुन्हा मागवतो, त्याचं मूळ काम नव्हे. २००८ मध्ये यात ‘रिस्पॉन्स रीराइट’ असा पर्याय आला. त्यात पत्ता बदलत नाही, पण त्या पानानं स्वतः योग्य कोड लावण्याची काळजी घेतली नाही, तर क्षमापत्रावर शिक्का पुन्हा ‘२००’चाच. शिवाय आयआयएस या वेब सर्व्हरचं ‘एचटीटीपी एरर्स’ नावाचं स्वतःचं वेगळं सेटिंग आहे. तुम्ही कष्टानं लिहिलेलं एरर पेज बाजूला सारून तो कधी कधी आपलं पान देतो. एकाच घरात दोन दरवान, आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही.

कुणी म्हणेल, माणसाला तो आकडा दिसतच नाही, मग ५०० काय नि २०० काय? माणसाला दिसत नाही, पण क्लाउडमध्ये उत्तर वाचणारा माणूस एकटा नसतो. अझूरच्या ॲप सर्व्हिसमधली आरोग्य-तपासणी दर मिनिटाला तुमच्या पत्त्यावर विचारणा करते आणि २०० ते २९९ मधला कोड मिळाला की समजते, यंत्र ठणठणीत आहे. पुरेशा वेळा तो मिळाला नाही, तर त्या यंत्राकडे माणसं पाठवणं थांबवते. म्हणजे जे यंत्र ‘क्षमस्व’ म्हणत २०० देतं, त्याच्याकडे गिऱ्हाईक येतच राहतं आणि प्रत्येक जण रिकाम्या हातानं परततो. निगराणीचा आलेख हिरवागार राहतो. शोधयंत्रं ते माफीचं पान खरा मजकूर समजून नोंदवतात. गूगल अशा खोट्या होकाराला ‘सॉफ्ट ४०४’ म्हणतं. आणि दुसरा एखादा प्रोग्राम तुमच्याकडून हिशेब मागत असेल, तर तो त्या क्षमापत्रालाच हिशेब समजतो. माणसाशी गोड बोलता बोलता आपण यंत्रांशी खोटं बोललो, आणि त्याची किंमत शेवटी माणसानंच मोजली.

चुकीचा अर्थ वाटेत हरवला तर काय होतं, याचा मोठा दाखला २९ फेब्रुवारी २०१२ चा आहे. लीप वर्षाचा दिवस. अझूरवर नवं आभासी यंत्र सुरू होताना त्याच्या आतला एक छोटा प्रोग्राम एक वर्ष मुदतीचं प्रमाणपत्र बनवायचा. मुदतीची तारीख काढायला तो चालू तारखेच्या वर्षात एक मिळवायचा. आली तारीख २९ फेब्रुवारी २०१३, जी पंचांगातच नाही. प्रमाणपत्र बनेना, आणि तो प्रोग्राम बंद पडायचा. पुढचं महत्त्वाचं. बंद पडताना ‘तारीख चुकली’ असा निरोप वर गेलाच नाही. वरच्या प्रोग्रामला दिसली फक्त शांतता. त्यानं २५ मिनिटं वाट पाहिली, यंत्र पुन्हा सुरू केलं, असं तीनदा केलं, आणि निष्कर्ष काढला: हार्डवेअर बिघडलं असणार. मग त्या निरोगी सर्व्हरला आजारी ठरवून त्यावरची यंत्रं दुसऱ्या सर्व्हरवर हलवली. तिथंही तीच तारीख, तीच शांतता, तोच निष्कर्ष. बरं करायला केलेल्या व्यवस्थेनंच साथ पसरवली. मायक्रोसॉफ्टनं स्वतःच पुढं मार्चमध्ये ही सगळी हकीकत सविस्तर प्रसिद्ध केली. आम्हाला ती एरर हाताळण्यावरच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा बोलकी वाटते. चूक तारखेची, शिक्षा सर्व्हरला. कारण मधल्या कुणी ‘त्रुटी कुणाची’ हे सांगितलंच नाही.

आता चांगलं काय झालं तेही सांगू, नाहीतर समीक्षा एकतर्फी होईल. पुढं आलेल्या एएसपी डॉट नेट कोअरमध्ये ‘तू खोलीत आहेस की बाहेर’ हा प्रश्न रद्द झाला. त्याऐवजी विचारलं जातं, ‘हे वातावरण कुठलं: घडवण्याचं की चालवण्याचं?’ आणि कुणी काहीच सांगितलं नाही, तर ते चालवण्याचं, म्हणजे प्रॉडक्शनचं, धरलं जातं. विसरभोळ्याच्या हातूनही तपशील उघडे पडत नाहीत. त्यातली चूक हाताळायची नेहमीची व्यवस्था ब्राउझरला दुसरीकडे धाडत नाही. त्याच उत्तरात एरर पेज देते आणि कोड ५०० ठेवते. प्रोग्रामनं प्रोग्रामला चूक कशी कळवावी याचाही ठराविक नमुना आरएफसी ७८०७ नं २०१६ मध्ये दिला, २०२३ मध्ये आरएफसी ९४५७ नं तो सुधारला. साधनं सुधारली, हे मान्यच करायला हवं. पण साधन सुधारलं म्हणून मजकूर सुधारत नाही. दोन ओळींचं ते वाक्य नव्या चौकटीतही जसंच्या तसं आलेलं दिसतं.

मग करायचं काय? आमच्या मते एका चुकीचे तीन वाचक असतात, आणि कॉन्फिगरेशननं तिघांना तीन वेगळे मजकूर द्यायला हवेत.

पहिला वाचक यंत्र. त्याच्याशी गोड बोलायचं कारण नाही, खरं बोला. आपली चूक असेल तर ५००. तात्पुरती गर्दी असेल तर ५०३, आणि कधी परत यायचं ते ‘रिट्राय आफ्टर’ या हेडरमध्ये. काहीजण म्हणतात, ५०० दिला की रात्री-अपरात्री फोन वाजतात. वाजू द्या. विनाकारण वाजत असतील तर घंटेची मर्यादा बदला, आकडा बदलू नका. ताप मोजायचा नसेल तर थर्मामीटर बाजूला ठेवा, त्यावर ९८ लिहून ठेवू नका.

दुसरा वाचक दुरुस्ती करणारा. त्याला सगळं द्या, पण लॉगमध्ये, पानावर नाही. आणि क्लाउडमध्ये लॉग कुठं लिहिला जातो हे आधी बघा. ॲप सर्व्हिसमध्ये ॲप्लिकेशनचे लॉग फाइलमध्ये लिहिण्याचं सेटिंग तात्पुरत्या तपासणीपुरतं आहे, ते १२ तासांनी आपोआप बंद होतं. सोमवारी चालू केलं म्हणून गुरुवारची चूक त्यात सापडणार नाही. लॉग यंत्राबाहेर, टिकणाऱ्या जागी गेला पाहिजे, आणि पासवर्ड किंवा आधार क्रमांक त्यात जाता कामा नये.

तिसरा वाचक म्हणजे तो अर्जदार. त्याला स्टॅक ट्रेस नको, पण ‘काहीतरी’ही नको. आम्ही एक मसुदा वाचून दाखवतो: ‘तुमचा अर्ज नोंदवला गेलेला नाही. अडचण आमच्या यंत्रणेत आहे, तुम्ही भरलेल्या माहितीत नाही. फी भरली गेली असल्यास पुन्हा भरू नका. अर्ध्या तासाने याच पानावर या. तोवर हा संदर्भ क्रमांक लिहून ठेवा.’ आणि तोच क्रमांक लॉगमध्ये हवा, म्हणजे माणसानं फोनवर तो सांगितला की दुरुस्ती करणाऱ्याला नेमकी ती ओळ सापडेल. एकाच विनंतीचा माग अनेक यंत्रांमधून कसा न्यायचा याचं मानक डब्ल्यू थ्री सी या संस्थेनं २०२० साली दिलेलं आहे. नवं काही शोधायची गरज नाही.

या मसुद्यावर एक खरा आक्षेप आहे, आणि तो आम्हाला मान्य आहे. ‘अर्ज नोंदवला गेलेला नाही’ असं छातीठोक लिहायला ते प्रोग्रामला माहीत असायला हवं. पैसे कापले गेले आणि नोंद अर्धवट राहिली, अशी स्थिती असेल तर ते वाक्य खोटं ठरेल. अगदी बरोबर. म्हणूनच एरर पेज शेवटच्या दिवशी कुणीतरी लिहून टाकायची गोष्ट नाही. नोंद पूर्ण होईल किंवा अजिबात होणार नाही, अशी बांधणी आधी हवी; तीच विनंती दुसऱ्यांदा आली तर ओळखून पैसे एकदाच घेता आले पाहिजेत. ‘पुन्हा प्रयत्न करा’ असं लिहिण्याचा अधिकार तेव्हा मिळतो. तोवर ते वाक्य म्हणजे आपली जोखीम दुसऱ्याच्या खिशात घालणं आहे.

आणि एक साधी परीक्षा. ॲप्लिकेशन लोकांसाठी खुलं करण्याआधी क्लाउडवरच, खऱ्या सेटिंगसह, मुद्दाम एक चूक घडवा. डेटाबेसचा पासवर्ड बदलून बघा. पान काय म्हणतं, कोड काय येतो, लॉगमध्ये काय उमटतं, तिन्ही शेजारी ठेवून वाचा. आपल्या लॅपटॉपवर केलेली चाचणी इथं उपयोगाची नाही. तिथं आपण अजून त्या २००२ सालच्या खोलीत बसलेले असतो.

मराठीत हे पान लिहिणाऱ्यांना शेवटी एवढंच सुचवावंसं वाटतं. ‘त्रुटी’ हा शब्द चारनं सुरू होणाऱ्या कोडसाठी ठेवा, आणि नेमकी कुठली त्रुटी तेही सांगा. पाचनं सुरू होणाऱ्या कोडसाठी आपल्याकडे जुना, स्वच्छ शब्दप्रयोग आहे: ‘आमची चूक झाली.’ त्यात कर्ता आहे. तो पानावर आला, की पलीकडचा माणूस आपला अर्ज पाचव्यांदा तपासायचा थांबेल.

प्रश्न असतील तर घेऊ.